वरच्या कप्प्यातलं औषध

माळवाडी, ता. भुदरगड
६ ऑक्टोबर १९९६

चि. प्रियदर्शनी,
अनेक आशीर्वाद.

राजारामपुरीत तुझ्या नावाची पाटी लागली, मोठी डॉक्टर झालीस, तरी मला अजून पाचवी ‘ब’च्या खिडकीपाशी उभी राहून पावसाची कविता म्हणणारी मुलगीच दिसते. शेवटचं कडवं विसरलीस की बाहेरच्या चिंचेकडे बघायचीस, जणू ते तिथं कुणी लिहून ठेवलंय. मी निवृत्त होऊन गारगोटी सोडली, गावी आलो, त्याला सहा वर्षं झाली. पण दुपारी डोळा लागला की अजून वर्ग भरतो.

तुझ्या गोळ्यांनी शिंका कमी आहेत. गवताला तुरे आले आणि वारा सुटला, की मागच्या साली सकाळी चाळीस-चाळीस यायच्या. तुझी काकू तानूबाई मोजायची. म्हणायची, “साळंत पोरं मोजत हुता, आता म्या तुमच्या शिंका मोजतीया.” यंदा आकडा दहावर आलाय. तुझ्या संशोधनाच्या वहीत तेवढं लिहून ठेव.

आणखी एक, सहज लिहितो. मागच्या पंधरवड्यात भुईमूग काढताना तिला गांधीलमाशी चावली. अंगभर चट्टे उठले, ओठ सुजले आणि बांधावरच चक्कर येऊन पडली. तासाभरानं उठली. “पित्त उठलंतं,” म्हणाली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसली. तुला कळवू नका असं तिनं बजावलंय, म्हणून कळवतो आहे.

तुझा,
भाऊसो कांबळे


राजारामपुरी, कोल्हापूर
१० ऑक्टोबर १९९६

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं ते ‘सहज’ वाचलं आणि बाहेर बसलेले पेशंट थांबवून हे लिहायला घेतलं. ते पित्त नव्हतं.

तुमच्या शिंका आणि काकूंची चक्कर ही एकाच घराण्यातली दुखणी आहेत. शरीर एखाद्या गोष्टीला उगाच वैरी समजून बसतं. तुमचं वैर गवताच्या परागकणांशी आहे. त्याचा त्रास नाकाडोळ्यांपुरता. काकूंचं गांधीलमाशीच्या विषाशी आहे, आणि त्यात सगळं शरीर पेटून उठतं. घसा आवळतो, रक्तदाब एकदम खाली येतो. पुढच्या वेळी तासभर मिळेलच असं नाही. दहा-पंधरा मिनिटं मिळतील.

त्यावर हाताशी औषध एकच, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, तेही जागेवर, लगेच. गाडी मिळेपर्यंत थांबायचं नाही. आम्ही दोन वर्षांचा एक प्रयोग सुरू केलाय. भुदरगड, राधानगरी आणि गगनबावड्याकडची चाळीस घरं निवडायची, इंजेक्शनचा डबा घरातच द्यायचा आणि घरातल्या एका माणसाला टोचायला शिकवायचं. अडतीस घरं झालीत. एकोणचाळिसावं तुमचं.

येत्या रविवारी काकूंना घेऊन या. येणार नाही म्हणाल्या तर मी गाडी घेऊन येते म्हणून सांगा.

आपली,
प्रियदर्शनी


माळवाडी
३ नोव्हेंबर १९९६

चि. प्रियदर्शनी,

परत येताना एसटीत तिनं गारगोटीपर्यंत तो डबा मांडीवर धरला. मग म्हणाली, “पोरगी गुणाची हाय. पर तिनं तुमच्या हातात सुई दिली, हे काय मला पटलं न्हाय. सदऱ्याची गुंडी लावाय येत न्हाय तुम्हास्नी.”

तू मला मोसंब्यावर टोचायला शिकवलंस, ते घरी आल्यावरही चालू ठेवलंय. आठवड्याला दोन मोसंबी. टोचून झाली की ती सोलून खाते आणि म्हणते, “औषद लागू पडलं.” मांडीची बाहेरची बाजू, सुई सरळ, लुगड्यावरून टोचलं तरी चालेल, दहापर्यंत मोजायचं. कवितेसारखं पाठ केलंय.

डब्यावर तू चिकटवलेली सूचनांची चिठ्ठी अक्षरशः पाळली आहे. औषध थंड व अंधाऱ्या जागी ठेवलं आहे. आमच्या पत्र्याच्या घरात मार्च-एप्रिलमध्ये काय होतं ते तुला ठाऊक नाही, पण काळजी करू नकोस. राजाच्या खजिन्याला मिळणार नाही अशी जागा त्याला मिळाली आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला कार्ड टाकीन.

तुझा,
भाऊसो


कोल्हापूर
१६ मार्च १९९७

आदरणीय सर,

तुमचं कार्ड कधी चुकत नाही. ‘औषध थंड व अंधाऱ्या जागी. रंग पाण्यासारखा. मुदत तपासली.’ बाकीच्या घरांची उत्तरं ऐका. एकानं डबा देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावलं. एका आक्कांनी त्यातली सुई वासराला टोचली. गेल्या महिन्यात हा प्रयोग चालवणाऱ्या आमच्या मंडळाच्या बैठकीत मी तुमची तिन्ही कार्डं सगळ्यांना दाखवली. म्हटलं, अशी घरं असतील तर हा प्रयोग गावोगाव नेता येईल.

तुम्ही विचारलं होतं, हे कायमचं बरं होतं का. परदेशात त्याच माशीचं विष अगदी थेंबाच्या हजाराव्या भागाएवढं टोचायला सुरुवात करतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढवत नेतात. शरीराला त्याची सवय होते, वैर संपतं. आपल्याकडे ते विष शुद्ध करून मिळत नाही. मी तिकडच्या कंपन्यांना पत्रं लिहितेय. काकूंना सांगा, मिळालं की पहिलं नाव त्यांचं. तोवर शेताकडे शक्यतो नको.

आपली,
प्रियदर्शनी


माळवाडी
१ एप्रिल १९९७

चि. प्रियदर्शनी,
औषध थंड व अंधाऱ्या जागी. रंग पाण्यासारखा. मुदत तपासली.

ती शेताला जात नाही. अंगणात बसून रस्त्यानं जाणाऱ्याला विचारते, “आमच्या शाळूचं काय हाय?” माशीचं विष टोचून माशीशी मैत्री करायची, हे तिला फार आवडलं. म्हणाली, “सासूसंगं माजं असंच झालं. रोज थोडं थोडं.”
भाऊसो


माळवाडी
२२ ऑक्टोबर १९९७

चि. प्रियदर्शनी,

तानूबाई गेली. मागच्या मंगळवारी, दुपारी. न्हाणीच्या बंबाला लाकडं काढत होती. लाकडांच्या ढिगात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, ते आम्हाला दिसलं नाही.

तुझा छापील फॉर्म भरून सोबत जोडला आहे. इंजेक्शन दिलं. उपयोग झाला नाही.

भाऊसो


कोल्हापूर
२८ ऑक्टोबर १९९७

आदरणीय सर,

काय लिहू? तुमचा फॉर्म हातात घेऊन बसले आहे. ‘चावल्यानंतर किती मिनिटांनी इंजेक्शन दिले’ यापुढे तुम्ही ‘दोन’ लिहिलंय. माझ्या चाळीस घरांत दोन मिनिटांत सुई टोचणारं दुसरं घर नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत. चुकलं असेल तर औषध चुकलं, नाहीतर मी दिलेली मात्रा. कधी कधी इतकं जोरात येतं की कशालाच दाद देत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं.

त्यांनी माझ्यासाठी पिशवीतून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा अजून डब्यात आहेत. मला यायचं होतं. तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही.

आपली,
प्रियदर्शनी


कोल्हापूर
९ ऑगस्ट १९९८

आदरणीय सर,

तुमचं पत्र नाही. एक तारखेचं कार्डही नाही. ते साहजिक आहे. मीही लिहिलं नाही. आज लिहिते, कारण हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये.

प्रयोगाची मुदत संपत आली. दोन वर्षांत तीन घरांत डब्याची वेळ आली. दोन माणसं वाचली, पण मंडळाचं म्हणणं, ती कदाचित तशीही वाचली असती. तिसरं घर तुमचं. सगळ्यात उत्तम शिकलेलं, दोन मिनिटांत टोचणारं, आणि तिथंच हार झाली. खेड्यातल्या माणसाच्या हातात सुई देऊन काही साधत नाही, असा अहवाल तयार झालाय. सप्टेंबरच्या वीस तारखेला बैठक आहे. त्यानंतर चाळीस घरांतले डबे परत घ्यायचे.

मी वर्षभर भांडले. आता भांडत नाही. तुमच्या घराचा कागद पुढे केला की मलाच बोलता येत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही, हे सांगायलाच हे पत्र.

आपली,
प्रियदर्शनी


माळवाडी
१४ ऑगस्ट १९९८

चि. प्रियदर्शनी,

डबे परत घेऊ नकोस. मी फॉर्मवर खोटं लिहिलं. दोन मिनिटं नव्हती. पस्तीस मिनिटं होती.

औषध माझ्या घरात नव्हतंच. ते दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये होतं. थंड आणि अंधारी जागा गावात दुसरी कुठली? गावात फ्रीज एकच, जनावरांच्या लशी ठेवायचा. पत्र्याखाली तुझं औषध उन्हानं खराब होईल या भीतीनं तुझ्याकडून आलो त्याच संध्याकाळी मी डबा घेऊन डेअरीत गेलो.

पण नुसती भीतीच होती असं लिहिलं, तर हेही खोटंच होईल.

ही डेअरी निघाली तेव्हा आमच्या वस्तीतलं दूध घ्यायचे, पण ते ओतायचा कॅन वेगळा होता. कुणी काही बोलायचं नाही. कॅन वेगळा एवढंच. माझी आई रांगेत उभी असायची आणि मी सुट्टीत गावी आलो की तो कॅन बघायचो. पुढं तो प्रकार गेला. कधी गेला ते कुणाला सांगता येणार नाही. आणि त्या संध्याकाळी डेअरीचा सेक्रेटरी सयाजी, माझाच विद्यार्थी, त्यानं माझ्या हातातला डबा दोन्ही हातांनी घेतला. लशींच्या बाटल्या खाली केल्या. म्हणाला, “सरांचं औषध वरच्या कप्प्यात राहू दे.” दूध घालायला आलेली माणसं बघत होती. मी घरी आलो तो तरंगत आलो, बाळ. आईला सांगावंसं वाटलं.

तानूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “औषद माजं, आन् कुलूप दुसऱ्याचं? घरात आणून ठेवा बघू.” मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं परत विषय काढला नाही.

डेअरी सकाळी उघडते आणि संध्याकाळी उघडते. दुपारी कुलूप असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज मी त्या रस्त्यानं जातो. पण डोक्यात ते आलंच नाही. तुझी चिठ्ठी थंड जागा विचारत होती. मी ती शोधली आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा वर्षभर तेच उत्तर कार्डावर उतरवत राहिलो.

त्या दिवशी अडीच वाजले असतील. ती बाहेरून आली. “चावली वं,” म्हणाली. तळहात खाजवायला लागली. मला सगळं पाठ होतं. मी डेअरीकडे धावलो. या वयात धावणं ते काय. कुलूप होतं. सयाजी सासरवाडीला बारशाला गेला होता, किल्ली त्याच्या कमरेला. रस्त्यानं चाललेला कृष्णात वैरणीचा भारा टाकून आला, त्यानं पहारीनं कुलूप तोडलं. डबा घेऊन मला सायकलवर घातलं आणि घरी आणलं. बाहेरच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मी टोचलं. मांडीची बाहेरची बाजू, सुई सरळ, दहापर्यंत मोजलं. शेजारच्या धोंडुबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, “सर, आता ऱ्हाऊ द्या.”

‘दोन’ हा आकडा मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. तुझ्यासमोर नापास व्हायला लाज वाटली, दुसरं कारण नाही. त्या एका आकड्यानं एकोणचाळीस घरांतलं औषध जाईल हे माझ्या ध्यानी आलं नाही. हे पत्र तुझ्या मंडळापुढं माझ्या नावासकट वाच.

आणि एक विचारतो. वेळेवर टोचलं असतं तर ती जगली असती का?

भाऊसो


कोल्हापूर
२१ सप्टेंबर १९९८

आदरणीय सर,

काल बैठकीत तुमचं पत्र वाचलं. नाव नको असं मी ठरवलं होतं, पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून नावासकट वाचलं. कॅनचा भागही वाचला. डबे घरोघरी राहतील. आणखी साठ घरं मंजूर झाली. आता दर तीन महिन्यांनी आमचं माणूस प्रत्येक घरी जाऊन डबा कुठं आहे ते डोळ्यांनी बघेल. कार्डावर भागणार नाही.

तुम्ही शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राला नक्की देता येत नाही. प्रत्येक शरीर वेगळं असतं. स्वतःला त्रास करून घेऊ नका.

आपली,
प्रियदर्शनी


माळवाडी
२५ सप्टेंबर १९९८

चि. प्रियदर्शनी,
मंडळाचं कळलं. बरं वाटलं.
उत्तर येत असूनही न लिहिणारी मुलं मी एकतीस वर्षं बघितली आहेत. मी तुला खरं लिहिलं. तूही लिही.
भाऊसो


कोल्हापूर
२ ऑक्टोबर १९९८

सर,

हो. माझ्या समजुतीप्रमाणे काकू जगल्या असत्या. पहिल्या वेळी त्या औषधाशिवाय उठून बसल्या होत्या. दुसऱ्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत औषध मिळतं, तर आज तुमच्या शिंका मोजत असत्या.

आता माझं. औषधाला फ्रीज लागत नाही. उन्हात आणि चुलीशेजारी ठेवू नका, एवढंच मला सांगायचं होतं. कपाटातल्या कपड्यांच्या घडीत चाललं असतं. मी इंग्रजी चिठ्ठीवरचं वाक्य मराठीत उतरवलं आणि चाळीस डब्यांवर चिकटवलं. कोल्हापुरात बसून ‘थंड जागा’ लिहिताना पत्र्याच्या घराचा विचार केला नाही. वर्षभर तुमच्या कार्डावर माझंच वाक्य परत येत होतं आणि मी ते लोकांना दाखवत होते. ‘कुठे’ असा एक शब्द मी विचारला नाही.

तो वेगळा कॅन आमच्या गावातही होता. माझे आण्णा तिथल्या डेअरीचे चेअरमन होते. मी तो पाहिला होता. मला वाटायचं, कशाला तरी लागत असेल.

क्षमा मागत नाही. मागायची कशी ते कळत नाही.

प्रियदर्शनी


माळवाडी
७ ऑक्टोबर १९९८

चि. प्रियदर्शनी,

पत्र पोचलं. आज सकाळी गवताला तुरे आलेले दिसले. शिंका सुरू झाल्या आहेत, मोजत नाही.

तुला न लिहिलेली एक गोष्ट राहिली होती. तानूबाई गेल्यापासून सयाजी दुपारी डेअरीला कुलूप लावत नाही. कृष्णातनं तोडलेल्या कुलपाच्या जागी त्यानं नवं आणलं, पण ते खोक्यातून काढलंच नाही. सकाळचं दूध गेलं की तो तिथंच बाकावर बसतो, संध्याकाळचं दूध येईपर्यंत. जेवायला घरी जात नाही. बायको डबा पाठवते. मी रोज रस्त्यानं जाताना बघतो. तो उठून उभा राहतो, मी मान हलवतो आणि पुढं जातो. वर्षभर. त्यानं आपली चूक धरून बसावं, हे मला सोयीचं होतं.

आज दुपारी मी आत गेलो. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. माझं तुला लिहिलेलं तोंडी सांगितलं. म्हणालो, “सयाजी, डबा मी आणून दिला. तू फक्त जागा दिलीस. तुझ्याकडं काही दोष नाही.”

तो खाली बघत होता. म्हणाला, “सर, काकी आलत्या माज्याकडं. डबा ठिवला त्या दिवाळीआदी. म्हणल्या, माजा डबा दे. मी म्हणालो, सर रागावत्याल. तशाच गेल्या की.”

मला हे माहीत नव्हतं. ती मला बोलली नाही.

मी बाकावर बसलो. त्यानं पाणी दिलं. मी म्हणालो, “रागावलो असतो.” तो म्हणाला, “व्हय.”

मग त्यानं खोक्यातून कुलूप काढलं. त्यानं ते दाराला लावलं, मी कोयंडा धरला. किल्ली फिरली. आम्ही दोघं त्याच्या घरी जेवायला गेलो. तिथून आल्यावर हे लिहितो आहे.

तुझा,
भाऊसो